मावळ्याची तलवार आणि मावळ्याचा मुशाहिरा

(भोर येथे भोर-वेल्हे परिसरातील नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



मावळा हा शब्द कानी पडताच आपली मान ताठ होते. डोळ्यांसमोर उभा राहतो तो कडा चढणारा, खिंड अडविणारा, धन्याच्या शब्दासाठी प्राण देणारा वीर. हे चित्र खरे आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्याचा पहिला अधिकार या मातीचा आहे. परंतु आज मी आपल्यापुढे एक साधा, घरगुती वाटणारा प्रश्न ठेवणार आहे. मावळा मोहिमेवर गेला, तेव्हा त्याच्या घरची चूल कोण पेटवीत होते? त्याचा पगार कोणत्या थैलीतून येत होता? तो लढाईत पडला, तर त्याच्या मुलाबाळांचे काय होत होते?

वीरश्रीच्या सभेत पैशाची गोष्ट काढणे काहींना रुचणार नाही. पण ज्या राजाने या खोऱ्यांतील शेतकऱ्यांतून सैन्य उभे केले, त्याला ही गोष्ट काढण्यात कमीपणा वाटला नव्हता. शिवछत्रपतींच्या सैन्यव्यवस्थेचे जे वर्णन आज उपलब्ध आहे, त्यात तलवारीइतकीच जागा हिशेबाच्या वहीला आहे. नागरिक हाच सैनिक असतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. त्याने काय करायचे, हे सांगावे लागते, आणि त्याबद्दल राज्य त्याचे काय देणे लागते, तेही सांगावे लागते. स्वराज्याने या दोन्ही गोष्टी सांगितल्या. आजच्या व्याख्यानाचा आशय एवढाच आहे.

खोऱ्यांनी घडविलेला शिपाई

प्रथम या भूमीकडे पाहू. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे उतरणारी ही खोरी. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी आणि मोसे या नद्यांनी ती कोरलेली आहेत. पाऊस उदंड, पण जमीन उताराची आणि पातळ. खाचरात भात, वरकसावर नाचणी आणि वरई. एवढ्यावर घर कसेबसे चाले. हाताशी बळ होते, पायांना डोंगराची सवय होती, पण वर्षभर पुरेल एवढे काम शेतीत नव्हते. अशा मुलखातील तरुण घराबाहेर चाकरी शोधणारच. शिवपूर्वकाळी तो ती चाकरी देशमुखाकडे करी, आणि देशमुख ती आदिलशाहीच्या वतीने करून घेई.

सभासदांच्या बखरीत स्वराज्याच्या फौजेचे जे वेळापत्रक आहे, ते या शेतीशी जुळणारे आहे. पावसाळ्याचे चार महिने फौज छावणीत, आणि दसऱ्यानंतर आठ महिने परमुलखात मोहीम. ऐकायला हे सोपे वाटते. पण आपण शेतकरी आहात, तेव्हा आपल्या लक्षात येईल की दसऱ्याला सीमोल्लंघन होते, त्या वेळी खाचरातला भात बहुधा उभाच असतो. तो कापणारे, झोडणारे, कणगीत भरणारे हात घरच्या स्त्रियांचे आणि म्हाताऱ्यांचे. म्हणजे मोहिमेवर एक माणूस जाई, पण मोहिमेचा भार सारे घर उचलत असे. इतिहासाच्या पानांवर त्या घराचे नाव नाही. मात्र त्या घराला मिळणाऱ्या पैशाची व्यवस्था राजाने लावून दिली होती, हे त्या पानांवर आहे.

वतनाची फौज आणि राज्याची फौज

या खोऱ्यांत फौज नव्हती असे नाही. हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात जेधे, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर असे देशमुख होते आणि प्रत्येकाजवळ आपापले लोक होते. त्या लोकांची निष्ठा देशमुखावर, आणि देशमुखाचे वतन बादशहाच्या फर्मानावर. या साखळीतील दुर्बल कडी कोणती होती, ते १६५९ साली उघड झाले.

अफझलखान निघाला तेव्हा आदिलशाहीने मावळच्या देशमुखांना फर्माने धाडली. कारीच्या कान्होजी जेध्यांना आलेले फर्मान १६ जून १६५९ चे आहे. त्याचा मतलब सरळ होता : खानाला सामील व्हा, नाहीतर वतनाला मुकाल. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपले पाच पुत्र घेऊन राजगडी महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. हा प्रसंग आपण त्यागाचा म्हणून सांगतो आणि तो त्यागाचा आहेच. पण राज्यकर्त्याच्या दृष्टीने त्यात एक धडाही होता. कान्होजींसारखा पुरुष होता म्हणून रोहिड खोरे राहिले. प्रत्येक खोऱ्यात, प्रत्येक पिढीत कान्होजी निपजेल या भरवशावर राज्य चालविता येत नाही. शिपायाचे पोट वतनदाराच्या हाती असेल, तर शिपायाची तलवारही वतनदाराच्या हाती राहते, आणि वतनदार ज्याच्या फर्मानाला भितो त्याच्याकडे ती वळते.

म्हणूनच महाराजांनी फौजेचा पगार राज्याच्या खजिन्याशी जोडला. सभासद सांगतात त्याप्रमाणे, लष्करात कोणाला मोकासा म्हणून गाव तोडून द्यायचे नाही. देणे ते रोख, नाहीतर खजिन्यावरील वरातेने. वतनदारांनी बांधलेले हुडे-वाडे पाडून टाकावेत आणि त्यांनी सामान्य घरात राहावे, ही आज्ञाही याच विचाराची दुसरी बाजू होय. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो सावधगिरीचा इशारा दिला, त्याचे मूळ या मावळच्या अनुभवात आहे.

हुकूम, हुद्दा आणि होन

या फौजेची रचना पाहा. दहा शिपायांमागे एक नाईक. पाच नाइकांवर, म्हणजे पन्नास लोकांवर, एक हवालदार. दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि साऱ्या पायदळावर सरनोबत. हे पद भूषविणारे येसाजी कंक आपल्याच भुतोंड्याचे. नव्या शिपायाला घेताना चाकरीत असलेल्याचा जामीन घेतला जाई, असेही परंपरा सांगते. गावातला एक माणूस दुसऱ्याच्या वर्तनाची हमी देतो, तेव्हा शिस्त छडीवाचून निम्मी साधते.

आता पगार. जुमलेदारास सालीना शंभर होन, त्याच्या सबनिसास चाळीस. हजारीस पाचशे होन, त्याच्या सबनिसास शंभर ते सव्वाशे. घोडदळात जुमलेदारास पाचशे आणि हजारीस हजार होन. साध्या मावळ्याचा दर ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात दरमहा एक ते तीन होन असा दिला आहे. होन म्हणजे सोन्याचे नाणे, त्या काळचे साडेतीन-चार रुपये. ध्यानात घ्यावी अशी गोष्ट अशी की प्रत्येक जुमल्यात लढणाऱ्याच्या शेजारी लिहिणारा बसविलेला आहे. मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळ काय आहे त्याची जाबती होई. परतताना झडती होई. लुटीत मिळालेले सोने-रुपे, कापड, जवाहीर सरकारजमा होई आणि ते ज्याच्या नावे निघे, त्याच्या पगारातून वजा होई. लूट हा शिपायाचा नफा नव्हता. ती राज्याची जमा होती.

या फौजेची कामेही ठरलेली होती. गडाचे रक्षण हे पहिले. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी प्रत्येक गडावर असत, आणि कोठारासाठी कारखानीस. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून हे अधिकारी वेगवेगळ्या जातींचे नेमले जात. गडाच्या घेऱ्यात, मेटांवर रामोशी, महार, बेरड, मांग असे पहारेकरी. राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला जागता ठेवणारा समाज हा असा अठरापगड होता. राजगडाला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्या मानात या मेटांवरच्या पहारेकऱ्यांचाही वाटा आहे.

दुसरे काम घाटवाटांवर नजर ठेवण्याचे, तिसरे छाप्याचे. लाल महालावरचा एप्रिल १६६३ चा छापा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आणि चौथे काम, ज्याचा उल्लेख आपण विसरतो, ते म्हणजे रयतेला उपद्रव न देण्याचे. हे कामच आहे, केवळ सद्गुण नव्हे. राज्याभिषेकापूर्वी चिपळूणनजीकच्या छावणीला महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. चारा जपून वापरा, हवे ते बाजारातून विकत घ्या, कुणब्याच्या घरचा दाणा आणि भाजीपाला ओरबाडू नका, नाहीतर लोकांना मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय. विकत घ्या, असे कोणता सेनापती म्हणू शकतो? ज्याने शिपायाच्या हाती पैसा दिला आहे तोच. पगार थकविलेल्या फौजेला हा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार कोणालाही नसतो.

पैसा आला कोठून?

येथे एक लहानसा हिशेब करू. दरमहा सरासरी दोन होन धरले आणि पगार बारमाही धरला, तर एक हजार मावळ्यांना वर्षाला चोवीस हजार होन लागतात. हत्यार, दारूगोळा, गडाचा खर्च आणि अधिकारी वेगळे. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख गेला, तेव्हा महाराजांकडे बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख उरला. त्या बारांत आपले राजगड आणि तोरणा होते. एक लक्ष होन म्हणजे कागदावर चार हजार मावळ्यांचा पगार, आणि बाकी काहीच नाही. स्वराज्य कोणत्या कडेवर उभे होते, ते या एका आकड्यावरून उमगते.

सुरुवात तोरण्यापासून झाली. गडाची डागडुजी करताना धन सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्यात खर्च झाले, ही कथा या खोऱ्यांत आबालवृद्धांना ठाऊक आहे. पण सापडलेल्या धनावर एखादा गड बांधता येतो. फौज पोसता येत नाही. फौजेला दरसाल येणारे उत्पन्न लागते. ते जमिनीच्या साऱ्यातून आले. जमिनीची मोजणी, पिकाची पाहणी, पाच वाट्यांपैकी तीन रयतेस आणि दोन राज्यास, असा सभासदांचा दाखला आहे. नव्याने येणाऱ्या कुणब्याला गुरे आणि बियाणे यांसाठी पैसा द्यावा आणि तो दोन-चार वर्षांत हळूहळू परत घ्यावा, हेही तेथेच आहे. सैन्याच्या खर्चाच्या प्रकरणात बैलजोडीचा विचार येतो, यात नवल नाही. बैल नाही तर पीक नाही, पीक नाही तर सारा नाही, आणि सारा नाही तर मुशाहिरा नाही.

त्याखेरीज परमुलखातील मोहिमा होत्या. १६६४ आणि १६७० ची सुरत, पुढे चौथाई आणि सरदेशमुखी. आठ महिने फौज शत्रूच्या मुलखावर पोट भरी, हे सभासद लपवून ठेवत नाहीत आणि आपणही लपविण्याचे कारण नाही. ज्या मोगल सत्तेने हा मुलूख वर्षानुवर्षे तुडविला, तिच्याकडून तिच्याच विरुद्धच्या युद्धाचा खर्च वसूल करण्याची ती नीती होती.

आणि खर्चाचे नियोजन? १६७१-७२ च्या सुमाराच्या दोन याद्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासाव्यात अशा आहेत. एका यादीत गडांच्या बांधकामासाठी एक लक्ष पंचाहत्तर हजार होनांची तरतूद आहे. त्यात रायगडाला पन्नास हजार, राजगडाला दहा हजार आणि प्रचंडगडाला, म्हणजे आपल्या तोरण्याला, पाच हजार. दुसऱ्या यादीत एक लक्ष पंचवीस हजार होन निराळे काढून ठेवले आहेत. मोगलांचा वेढा पडून गड झुंजविण्याची वेळ आली आणि दुसरीकडून पैसा मिळेना, तरच हे द्रव्य खर्चावे. एरवी त्याला हात लावू नये. आणीबाणीचा निधी आणि नेहमीचा खर्च यांत रेघ मारणारा हा राजा होता. ती रेघ न मारल्यामुळे बुडालेल्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

जखमेचा हिशेब

आता या साऱ्या व्यवस्थेतील मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट सांगतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाचे पारिपत्य झाले. त्यानंतर महाराजांनी काय केले, ते सभासदांनी नोंदविले आहे. युद्धात जे पडले त्यांच्या मुलांचे चालविले. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांना निमे वेतन ठरवून दिले. जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले.

बंधू-भगिनींनो, ही सतराव्या शतकातली गोष्ट आहे. विधवेला निम्मा पगार हा ज्या राज्याचा नियम आहे, त्या राज्याचा शिपाई खिंडीत उभा राहताना मागे वळून घराकडे पाहत नाही. पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, शिंदचे बाजीप्रभू आणि त्यांच्याबरोबरचे बांदल गजापूरच्या खिंडीत उभे राहिले. त्यांच्या पराक्रमाचे मोल पैशात करण्याचे पाप मी करणार नाही. पण त्यांच्या मनाला जी निश्चिंती होती, तिच्यात राजाच्या शब्दाचा वाटा होता, आणि तो शब्द प्रतापगडानंतर खरा ठरलेला त्यांनी पाहिला होता.

मानाचा मुशाहिराही होताच. त्या रणानंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा मान बांदलांना देण्यात आला. तोवर तो मान जेध्यांचा होता, आणि जेध्यांनी तो राजाच्या शब्दाखातर सोडला. पैसा आणि मान या दोहोंचे स्थान वेगळे. पैसा थकवून नुसता मान देणे ही फसवणूक, आणि मान नाकारून नुसता पैसा फेकणे हा अपमान. स्वराज्याने दोन्ही दिले.

मुशाहिरा तुटला तेव्हा

ही व्यवस्था किती मोलाची होती, ते ती मोडल्यावर कळले. १६८९ साली संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीला गेले, खजिना रिता होता आणि औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून होता. रोख पगार देणे अशक्य झाले. तेव्हा सरंजाम आणि वतने देऊन फौजा उभ्या कराव्या लागल्या. त्या प्रसंगी दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या फौजांनीच बादशहाला हा देश पचू दिला नाही. १७०४ साली राजगड आणि तोरणा मोगलांनी घेतले, पण थोड्याच वर्षांत दोन्ही स्वराज्यात परत आले. शंकराजी नारायण सचिवांनी या खोऱ्यांत केलेली कामगिरी भोरकरांना नव्याने सांगायला नको.

पण आपद्धर्म म्हणून स्वीकारलेली रीत पुढे नित्याची झाली. शिपायाची दृष्टी छत्रपतींच्या खजिन्याकडून सरदाराच्या सरंजामाकडे वळली. वतनासाठी पक्ष बदलणारे निघाले. ज्या दोषावर महाराजांनी औषध शोधले होते, तोच दोष उलटला, आणि पुढच्या शतकात सरदार मोठे व राज्य लहान, असे दृश्य दिसू लागले.

दुसरे उदाहरण शेजारच्या पुरंदर तालुक्यातले. गडांची राखण करणाऱ्या रामोशी समाजाचे हक्क पिढीजात चालत आलेले होते. पेशवाईच्या अखेरीस त्यांना धक्का बसला आणि १८१८ नंतर कंपनी सरकारच्या अमलात ते पुरते गेले. ज्यांच्या जागरणावर गड सुखाने झोपत, त्यांना राज्याने बेकार केले. भिवडीच्या उमाजी नाईकांचे बंड त्यातून उभे राहिले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन करतो. त्या वंदनाबरोबर हेही स्मरावे की रक्षणकर्त्याच्या पोटावर पाय देणारे सरकार स्वतःच्या हाताने आपला विरोधक घडवीत असते.

आजचे शेतकरी-शिपाई

१९४८ साली भोर संस्थान विलीन झाले. या खोऱ्यांच्या रक्षणाचा भार लोकनियुक्त सरकारवर आला. आज सीमेवर आपले खडे सैन्य आहे. पण नागरिकाने आपला धंदा सांभाळून गणवेश चढवावा, ही मावळी परंपराही संपलेली नाही. तिची दोन रूपे आपल्यासमोर आहेत.

पहिले प्रादेशिक सेनेचे. १९४८ च्या कायद्याने ती स्थापन झाली. तीत येणाऱ्याला स्वतःचा उदरनिर्वाह असावा लागतो. वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षण, आणि देशाने हाक दिली की प्रत्यक्ष सेवा. सेवेच्या काळात त्याला सैन्याप्रमाणे वेतन मिळते. परत आल्यावर त्याला त्याच्या नोकरीत पुन्हा घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातले आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या सेनेने काम केले आहे.

दुसरे गृहरक्षक दलाचे, ज्याला आपण होमगार्ड म्हणतो. याची स्थापना ६ डिसेंबर १९४६ रोजी तत्कालीन मुंबई प्रांतात झाली, आणि मग देशाने तो कित्ता गिरविला, हे आपल्या राज्याला भूषणावह आहे. हे पोलिसांना साह्य करणारे राज्याचे स्वयंसेवी दल. निवडणूक, गणेशोत्सव, वारीचा बंदोबस्त, पूर आणि आग यांत तो खाकी गणवेश आपल्याला दिसतो. खर्चाचा मुख्य भार राज्यावर. मान्य बाबींवरील खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा केंद्र भरून देते. जवानाला मानधन मिळते ते कर्तव्यावर असलेल्या दिवसांचेच.

या मानधनाची कथा काय सांगते? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की होमगार्डचा कर्तव्यभत्ता असा असावा की महिनाभर काम केल्यास त्याला पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतके मिळावे. महाराष्ट्रात २०२४ साली हा भत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १०८३ रुपये झाला. निर्णय स्वागतार्ह आहे आणि त्याचे श्रेय देण्यात कृपणता नको. पण दर वाढल्याने अर्धेच काम होते. वर्षात किती दिवस काम मिळेल आणि त्याचे पैसे कधी हाती येतील, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या जवानाच्या घरी आधी माहीत असली पाहिजेत.

जगात इतरत्रही नागरिक-सैनिक आहेत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नॅशनल गार्ड आहे. राज्याच्या कामावर असेल तर खर्च राज्याचा, केंद्राने बोलावले तर केंद्राचा, असा त्यांचा सर्वसाधारण दंडक. स्वित्झर्लंडमध्ये लष्करी सेवेच्या काळात बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई करणारा निधी १९४० पासून चालू आहे. हे सांगितले ते त्यांचे अनुकरण करावे म्हणून नव्हे. जखमेचे आणि वैधव्याचे देणे राज्याने चुकवायचे असते, हा धडा आपल्या बखरीत साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घटनेत नोंदलेला आहे. आपण आपल्याच वहीचे पान उघडले तरी पुरे.

आपले कर्तव्य

मग या खोऱ्यांतील आपण काय करावे? शासनाने करायचे ते शासनाला सांगूच. पण समाज म्हणून तीन गोष्टी आपल्या हाती आहेत.

भोर-शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यातील कारखानदारांना माझी विनंती आहे. आपला कामगार प्रादेशिक सेनेत किंवा होमगार्डमध्ये असेल, तर त्याच्या सेवेचे दिवस गैरहजेरी म्हणून मोजू नका. त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवा. आपल्या यंत्रावर थोडे दिवस दुसरा हात येईल. पण पुराच्या रात्री जो हात लागतो, तो त्याचाच असेल.

गावकऱ्यांना विनंती अशी. ज्या घरातून एखादा जवान, मग तो खड्या सैन्यातला असो वा नागरी दलातला, कर्तव्यावर गेला आहे, त्या घरची लावणी आणि कापणी अडता कामा नये. भातलावणीला सावड घालण्याची आपली जुनी रीत आहे. त्या सावडीत या घराचे नाव प्रथम असावे. दसऱ्याला मोहीम निघाल्यावर उभा राहिलेला भात कोणीतरी कापलाच होता, त्याशिवाय स्वराज्य झाले नाही.

आणि तरुणांना सांगणे असे. आपल्या वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे. नाव मोठे आहे, त्याचे ओझेही मोठे आहे. गडावर जा, माथा टेका, पण येताना त्या जुमल्यातल्या सबनिसालाही आठवा. शौर्याबरोबर हिशेब शिका. आपल्या संस्थेचा, आपल्या मंडळाचा, आपल्या ग्रामपंचायतीचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, ते विचारण्याची सवय लावून घ्या. राजगडाच्या चुन्यात जितका पराक्रम मुरला आहे, तितकाच चोख हिशेबही मुरला आहे.

मावळ्याने राज्याला प्राण दिला आणि राज्याने त्याच्या विधवेला निमे वेतन दिले. या दोन देण्यांच्या मध्ये जो विश्वास होता, त्याचेच नाव स्वराज्य. तो विश्वास टिकविण्याचे काम आता आपले आहे.